रोज पाणी टाकावं लागतंय? मग गळती शोधा

बऱ्याच गटांनी आता माल बाजारात न्यायला छोटा टेम्पो घेतलाय. हप्ता गटाच्या नावावर चालू असतो आणि ड्रायव्हर म्हणतो, "ताई, रेडिएटरला रोज थोडं पाणी लागतंय, बाकी काही नाही." तिथंच त्याला थांबवा. इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, बंद नळ्यांतून फिरतं. ते रोज कमी होतंय म्हणजे कुठंतरी जातंय.

रात्री गाडीच्या इंजिनाखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग बघा. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागला तर तो कूलंटचा. काळपट डाग ऑइलचा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला घाबरू नका. डाग रेडिएटरखाली असेल तर आधी रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा तपासून घ्या, ते काम सगळ्यात स्वस्तातलं. पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंपावर संशय घ्या.

पुठ्ठा कोरडा आणि पाणी मात्र कमी होतंय, हे जास्त वाईट. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहिला, तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय. अशी गाडी दामटू नका, खर्च वाढतच जातो.

गळती नसतानाही गाडी तापते. गर्दीत तापून मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल तर पंखा बघा. भरल्या गाडीनं चढावर तापत असेल तर रेडिएटर तुंबलेला असू शकतो. आपल्याकडं सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्या पाण्यानं हंड्याला जसा पांढरा थर धरतो, तसाच रेडिएटरच्या आतही धरतो. कूलंटच घाला, पैसे वाचवायची ही जागा नाही.

घाटात काटा लाल खुणेकडे गेला तर एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडू नका. आतलं पाणी कुकरसारखं दाबाखाली असतं, 100 अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सैल होताच वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, तासभर लागला तरी चालेल. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो.

आणि हो, सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. ते चवीला गोड पण विषारी असतं, अंगणातलं कुत्रं किंवा वासरू चाटून जाईल.