पैसे परत केले म्हणजे वचन पाळले काय?

आमच्या परिचयातील एका शिक्षिकाबाईंनी गेल्या दिवाळीपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून बावीस हजार रुपयांचा फ्रिज मागविला. सणानिमित्त किंमत कमी केल्याची जाहिरात होती. बाईंनी पूर्ण रक्कम आगाऊ भरली. ‘आपली ऑर्डर निश्चित झाली आहे’ असा निरोपही त्यांना लगेच मिळाला. त्यावर विसंबून त्यांनी घरातला जुना फ्रिज भंगारवाल्याला देऊन टाकला. सहाव्या दिवशी दुसरा निरोप आला : ‘अपरिहार्य कारणास्तव आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे. रक्कम सात ते दहा दिवसांत परत मिळेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ त्याच दिवशी तोच फ्रिज त्याच दुकानात साडेतीन हजारांनी महाग दिसत होता. बाईंचे पैसे नवव्या दिवशी परत आले आणि दुकानाच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

बाईंच्या दृष्टीनेही ते जवळजवळ मिटलेच होते. ‘पैसे तरी बुडाले नाहीत,’ असे म्हणून त्यांनी समाधान मानले. खरी चिंतेची गोष्ट आहे ती हे समाधान. आपलेच पैसे आपल्याला परत मिळणे ही ज्या समाजात भाग्याची गोष्ट वाटू लागते, तेथे ग्राहकाचे हक्क कायद्याच्या पुस्तकात राहतात, व्यवहारात उतरत नाहीत. म्हणून विचारावयाचा प्रश्न एवढाच की, रक्कम परत केल्याने विक्रेत्याची जबाबदारी संपते काय?

आपल्या बाजारपेठेला हा प्रश्न नवा नाही. धान्याचा सौदा असो की बैलजोडीचा, इसार दिला-घेतला की व्यवहार पक्का झाला असे दोन्ही पक्ष मानीत. इसार घेऊन मग जास्त दाम देणाऱ्याला माल विकणाऱ्या व्यापाऱ्याची पत जाई. आजचा ऑनलाइन ग्राहक इसार देत नाही, तो संपूर्ण किंमत आगाऊ मोजतो. आणि तरीही त्याचा सौदा इसार दिलेल्या शेतकऱ्याच्या सौद्याहून कच्चा ठरतो, ही विसंगती आहे.

ती निर्माण कशी झाली, हे समजून घेतले पाहिजे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे एकाने प्रस्ताव मांडला आणि दुसऱ्याने तो स्वीकारला म्हणजे करार होतो. संगणकावरून केलेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये स्पष्ट केलेले आहे. दुकानात मांडलेली वस्तू हा प्रस्ताव नव्हे, तर प्रस्तावाचे निमंत्रण, असे सामान्यतः मानले जाते. ग्राहक ऑर्डर देतो तो प्रस्ताव, आणि दुकान ती मान्य करते तो स्वीकार. मग ‘ऑर्डर निश्चित झाली’ हा निरोप म्हणजे स्वीकार नव्हे काय? नव्हे, असे अनेक कंपन्या म्हणतात. त्यांच्या बारीक अक्षरांतील अटींत असे लिहिलेले असते की, हा निरोप केवळ ऑर्डर मिळाल्याची पोच आहे. माल रवाना होईल तेव्हाच करार होईल. याचा अर्थ असा की, पैसे घेतल्यापासून माल निघेपर्यंत ग्राहक बांधलेला आणि दुकान मोकळे! भाव चढले तर ऑर्डर रद्द करावी, उतरले तर माल धाडावा, असा दुहेरी लाभ या अटीने साधता येतो.

कायद्याला हा डाव अपरिचित नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपविण्याची मुभा एका पक्षाला देणारी, आणि त्यामुळे ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय फरक पाडणारी अट ही या व्याख्येत स्पष्टपणे येते. जी वस्तू सवलतीच्या किमतीला विकण्याचा हेतूच नाही, तिची तशी जाहिरात करणे हीदेखील याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तथापि मेख अशी की, अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. तो राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे. फ्रिजसारख्या वस्तूसाठी सामान्य ग्राहक तेथवर क्वचितच जाईल.

विक्रेत्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. माणसाच्या हातून चूक होते; किमतीतील एखादा आकडा गळतो. सिंगापूरमध्ये २००३ साली ३,८५४ डॉलरचा प्रिंटर चुकून ६६ डॉलरला दाखविला गेला आणि सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागविले. ही चूक आहे हे ग्राहकांना कळत होते, असे ठरवून तेथील न्यायालयांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. तो योग्यच होता. दुसऱ्याच्या उघड चुकीवर घबाड मिळविणे हा ग्राहकाचा हक्क होऊ शकत नाही.

परंतु चुकीची सबब सांगितली म्हणजे सुटका झाली, असेही नाही. ओडिशातील कायद्याच्या एका विद्यार्थ्याने २०१४ मध्ये २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना मागविला. ऑर्डर निश्चित झाल्यावर ती रद्द करण्यात आली. किमतीतील तफावत एवढी प्रचंड असूनही, निश्चितीनंतर करार पूर्ण झाला असे राज्य आयोगाने २०२१ मध्ये मानले आणि कंपनीला भरपाई व दंडात्मक रक्कम देण्यास सांगितले. या निकालाबद्दल मतभेद होऊ शकतील. पण बाईंच्या फ्रिजची गोष्ट याहून पुष्कळ साधी आहे. सणाच्या दिवसांत किंमत काही हजारांनी उतरणे यात ग्राहकाला चुकीचा संशय यावा असे काहीच नाही. तेथे शब्द मोडण्याला चुकीचे नाव देता येणार नाही.

२३ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने ई-कॉमर्सविषयक नियम जारी केले. त्यांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर करावयाचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण करावयाचे असते. ऑर्डर रद्द केल्याबद्दल ग्राहकाकडून आकार घ्यावयाचा असेल, तर कंपनीने स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यास तिनेही तसाच आकार सोसला पाहिजे, असाही नियम आहे. वरवर पाहता हा समान न्याय वाटतो. प्रत्यक्षात, कंपनीने ग्राहकाकडून काहीच आकार घेतला नाही, तर तिच्यावरही या नियमाने कोणताच बोजा पडत नाही. रक्कम परत करण्यासंबंधी नियमात ‘वाजवी मुदत’ असे शब्द आहेत. दिवसांचा आकडा नाही. बँकेतील व्यवहार फसून पैसे अडकले, तर ठरावीक दिवसांनंतर रोज शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा आदेश आहे. परंतु दुकानाने आपण होऊन रद्द केलेल्या ऑर्डरला तो लागू पडत नाही. ग्राहकाचे बावीस हजार रुपये नऊ दिवस बिनव्याजी वापरावयास मिळणे, ही या पळवाटेची किंमत आहे आणि ती ग्राहक मोजतो.

असे असले, तरी ग्राहक अगदीच निःशस्त्र नाही. करारभंगाने स्वाभाविकपणे होणारे नुकसान भरून मागण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम ७३ ने दिलेला आहे. तीच वस्तू दुसरीकडे घेताना पडलेला जादा दाम हे अशा नुकसानीचे सरळ माप होय. त्यासाठी निश्चितीचा निरोप, पैसे भरल्याची नोंद, रद्द केल्याचा निरोप आणि त्या दिवशीची किंमत दाखविणारे चित्र जपून ठेवावे. प्रथम तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ‘आम्ही केवळ मध्यस्थ, विक्रेता निराळा’ असे उत्तर आले, तर दोघांनाही प्रतिवादी करावे. विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे मध्यस्थ कंपनीवर बंधनकारक आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे. तेवढ्याने भागले नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

तरीही साडेतीन हजारांसाठी एवढी यातायात कोण करणार, हा प्रश्न उरतोच आणि कंपन्यांचा हिशेब नेमका त्यावरच बेतलेला असतो. म्हणून नियमच बदलले पाहिजेत. पैसे स्वीकारले त्या क्षणी करार झाला असे मानावे. उघड चुकीचा अपवाद विक्रेत्याने सिद्ध करावा. इतर वेळी ऑर्डर रद्द करणाऱ्याने तीच वस्तू द्यावी किंवा किमतीतील फरक द्यावा. आणि रक्कम परत करण्यास ठरावीक दिवसांची मर्यादा घालून त्यापुढे व्याज लावावे. यात विक्रेत्याकडून अवास्तव असे काहीच मागितलेले नाही.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आधी ग्राहक जागा झाला, कायदा मागाहून झाला. आज कायदा आहे. पण ‘पैसे परत मिळाले ना’ या समाधानात ग्राहक पुन्हा डुलकी घेऊ लागला आहे. शिक्षिकाबाईंनी आता साडेतीन हजारांच्या फरकासाठी तक्रार अधिकाऱ्याला पत्र धाडले आहे. रक्कम मिळेल की नाही हे पुढे दिसेल. पण व्यवहार मिटला आहे असे ठरविण्याचा अधिकार एकट्या दुकानाचा नाही, एवढे त्या पत्राने नक्कीच सांगितले आहे.