गोल करवतीवरील झाकण व भुसा ओढून घेण्याची सोय

पूर्वी चौकट, पेटी किंवा गोठ्याचे दार करावयाचे झाल्यास शेतकऱ्यास गावच्या सुताराकडे जावे लागे. आता टेबलावर बसविलेली विजेची गोल करवत पुष्कळांच्या छपरात आली आहे. सोय मोठी झाली ह्यात संशय नाही. परंतु तिजबरोबर जो धोका घरात शिरला, त्याचा विचार त्या मानाने झालेला नाही. २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटास २,८०० फेरे घेत असले, म्हणजे त्याचे दाते तासास सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असतात. त्यात सापडलेले बोट मागे घेण्यास अवधी मिळत नाही. धोक्याच्या यंत्रभागांस आडोसा घालण्याचे बंधन १९४८ च्या कायद्याने कारखानदारांवर घातले. शेतावरील छपरात मात्र ही काळजी मालकानेच वाहिली पाहिजे.

पुष्कळ ठिकाणी करवतीचे झाकण काढून खुंटीस टांगलेले आढळते. ह्याचे कारण केवळ आळस नव्हे. झाकणात भुसा साचतो, कापाची रेघ दिसेनाशी होते, आणि काम करणारा कंटाळून ते काढून ठेवितो. म्हणून झाकण आणि भुशाची सोय ही दोन कामे एकच समजावीत. शिवाय भुसा स्वतःही निरुपद्रवी नाही. लाकडाच्या बारीक धुळीने मनुष्यास नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला.

प्रथम पात्यामागे एक उभी पोलादी पट्टी बसवावी. चिरलेली फळी मिटू लागली म्हणजे ती मागील दात्यांस चिकटते, आणि ते दाते वर येत असल्यामुळे फळी उचलून काम करणाऱ्याच्या अंगावर फेकतात. पट्टी चीर उघडी ठेविते. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून अधिक, पण दात्यांच्या कापाहून किंचित कमी असावी. दात्यांपासून तिचे अंतर ३ ते ८ मिलिमीटर ठेवावे. पाते वरखाली होत असल्यास पट्टीही त्याच चौकटीवर बसवावी, म्हणजे अंतर कायम राहील.

झाकण म्हणजे तळ नसलेली अरुंद पेटी होय. पाते टेबलावर ७५ मिलिमीटर निघत असल्यास पेटी आतून ३०० मिलिमीटर लांब, १०० उंच व ४५ रुंद असावी. दोन्ही बाजूंस ६ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक पॉलिकार्बोनेट लावावे. काच किंवा ॲक्रिलिक तडकून तुकडे उडतात, म्हणून ती वापरू नयेत. छत व टोके लाकडाची करावीत, आणि पुढील टोक खालून तिरपे तासावे, म्हणजे फळी आत शिरताना पेटी आपोआप उचलली जाईल. पेटी टेबलाच्या मागील कोपऱ्यावरील मजबूत खांबापासून सारख्या लांबीच्या दोन समांतर पट्ट्यांवर टांगावी. अशाने ती वर गेली तरी सपाटच राहते.

पात्याच्या माथ्यावरील दाते काम करणाऱ्याकडे धावतात व भुसाही तिकडेच फेकतात. म्हणून छताच्या पुढील अर्ध्या भागात नळीचे तोंड ठेवावे. ठिबक सिंचनातून उरलेला ६३ मिलिमीटरचा पाईप येथे चालतो. मात्र पेटीजवळचा हातभर तुकडा लवचीक नळीचा असावा. टेबलाखालची बाजू फळ्यांनी बंद करून तेथून ११० मिलिमीटरचा दुसरा पाईप काढावा. दोन्ही पाईप झाकणाच्या लोखंडी पिंपात बाजूने, भिंतीस लागून सोडावे, आणि झाकणाच्या मध्यातून भुसा ओढणाऱ्या पंख्यास नळी जोडावी. हवा पिंपात गरगरते व जड भुसा तळाशी बसतो. पंख्याची हवा छपराबाहेर, गंजीपासून दूर सोडावी. लाकडातील खिळ्याची ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसू शकते. यास्तव पिंप रोज रिकामे करावे.

बसविल्यावर विजेचा प्लग काढून पाते हाताने फिरवावे, आणि पेटी सर्व बाजूंनी ढकलून पाहावी. ती दात्यांस कोठेही लागता कामा नये. अरुंद पट्टी चिरताना पेटी बाजूच्या आधारपट्टीस अडते, आणि ती काढून टाकण्याचा मोह येथेच होतो. तसे न करता आधारपट्टीस कमी उंचीची लाकडी पट्टी जोडावी, म्हणजे पेटी तिच्यावर राहील. हात जवळ न नेता काठीने लाकूड ढकलावे; पात्याच्या थेट रेषेत उभे राहू नये; सैल बाही व उपरणे दूर ठेवावे.

जमलेला भुसा कच्चा शेतात पसरू नये, कारण कुजताना तो जमिनीतील नत्र अडकवून ठेवितो. गोठ्यात अंथरून शेणमुतासह खड्ड्यात मुरविल्यास त्याचे चांगले खत होते. प्लायवुडचा भुसा मात्र त्यात मिसळू नये.

ह्या सर्वांस दोन दिवसांचे श्रम व थोडे सामान लागते. गेलेले बोट मात्र कोणत्याही खर्चाने पूर्ववत होत नाही.