हेल्मेटमुळे गोल झालं, की तसंही झालं असतं?

मागच्या महिन्यात मैत्रिणीचा फोन आला. तिचं बाळ साडेपाच महिन्यांचं, डोकं मागून एका बाजूला चपटं. क्लिनिकमध्ये तिला दोन फोटो दाखवले: हेल्मेटच्या आधीचा आणि नंतरचा. घरी सासूबाई म्हणतात, "मोहरीची उशी कर, आमच्या सगळ्या पोरांची डोकी गोलच झाली." मैत्रीण म्हणाली, "तू संशोधन करतेस ना, मग सांग, हेल्मेट घेऊ का?"

बघा, क्लिनिक आणि सासूबाई दोघांचा पुरावा एकाच जातीचा आहे. काहीच न केलेली बाळं दोघांकडेही नाहीत. बाळ बसायला लागलं की डोक्याच्या मागच्या बाजूवरचा दाब कमी होतो, डोकं वाढत असतं आणि आकार बराचसा आपोआप सुधारतो. मग सुधारणेचं श्रेय कुणाला द्यायचं?

नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न नीट विचारला गेला. तो अभ्यास 2014 मध्ये 'बीएमजे'त आला. मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली पाच-सहा महिन्यांची 84 बाळं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सहा महिने, दिवसाचे 23 तास हेल्मेट; दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांच्या वयात पूर्ण सुधारणा झाली हेल्मेट गटात 39 पैकी 10 बाळांत, तर दुसऱ्या गटात 40 पैकी 9 बाळांत. हेल्मेट गटातल्या सगळ्या पालकांनी घाम, वास, त्वचेचा त्रास असा किमान एक दुष्परिणाम सांगितला.

म्हणजे हेल्मेट निरुपयोगी? थांबा, इथेच घाई होते. ऑड्स रेशो 1.2 आला, पण त्याचा 95 टक्के विश्वासांतर 0.4 ते 3.3. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही हे सिद्ध झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय पात्र बाळं 403 होती, त्यातल्या 84 जणांचेच पालक तयार झाले. ज्यांनी नकार दिला ते वेगळे असू शकतात. अनेक बाळांना हेल्मेट नीट बसत नव्हतं, हाही आक्षेप आहे. मान आखडलेली आणि मुदतीच्या खूप आधी जन्मलेली बाळं अभ्यासात घेतलीच नव्हती. 2016 मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी, इतर उपायांनी फरक न पडलेल्या मध्यम ते तीव्र चपटेपणासाठी हेल्मेट सुचवलं.

मैत्रिणीला मी 'घे' किंवा 'नको' म्हटलं नाही. ते माझं काम नाही. एवढंच सांगितलं: आधी बालरोगतज्ज्ञांकडून कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत ना आणि मान आखडलेली नाही ना, हे तपासून घे, सांधे जुळले असतील तर तो पूर्ण वेगळा आजार आहे. बाळ जागं असताना, तुझ्या नजरेसमोर त्याला पालथं ठेव. झोपवायचं मात्र उताणंच, कारण त्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका घटतो. आणि झोपताना उशी नको, मोहरीचीही नाही. मग डॉक्टरांना विचार, "हेल्मेट न घालता माझ्या बाळाचं काय होईल?"

तुम्हीही पुढचा पेपर उघडाल तेव्हा परिणामाच्या आकड्याआधी हाच प्रश्न विचारा: काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं?