भीड भिकेची बहीण

शीव कोळीवाड्याच्या बाजारात कोळीण वाटा लावते तेव्हा पैसे कशाचे द्यायचे हे गिऱ्हाइकाला समोर दिसते. "मावशे, वर दोन घाल की," असे कुणी म्हटले तर ती कधी घालते, कधी हात झटकते. पण घातलेले 'वरचे' आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. घरी बसून सुटी कामे घेणाऱ्या आपल्यासारख्यांना नेमके हेच साधत नाही.

मी अक्षरजुळणीची कामे करते. गेल्या वर्षी एका मंडळाची स्मरणिका घेतली. ३२ पाने, रक्कम ठरलेली. मग "एवढे दोन लेख घे," "जाहिराती पुढेमागे कर," असे होत होत ४४ पाने झाली. दर वेळी मी "बरं" म्हणाले. शेवटी १२ पानांचे पैसे मागितले तेव्हा उत्तर आले, "आधी का नाही बोललीस?" त्या पैशांवर माझी परीक्षेची फी होती. राग आला, पण प्रश्न खरा होता.

कायदा अशा वेळी अगदीच मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ७० सांगते, की फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यावा. १९४४ साली बंगालमध्ये बी. के. मंडल आणि सन्स या कंत्राटदारांनी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर अशी कामे केली. रीतसर करार नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सरकारला पैसे देण्यास बांधील ठरवले.

मात्र मूळ ठरावात बसणाऱ्या कामाला हे कलम लागू होत नाही. शिवाय १२ पानांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून आपला वाटा आधीच लावावा. पाने किती, मुद्रिते किती वेळा तपासायची, तारीख कोणती, हे लिहून द्यावे. नवी मागणी आली की लगेच मान डोलवू नये, तोंडही फिरवू नये. "करते, पण हे ठरल्याबाहेरचे. इतके पैसे, इतके दिवस जास्त लागतील," असे कळवावे आणि लेखी होकार आल्यावरच हात लावावा. फुकट द्यायचेच असेल तर बिलात त्याची किंमत लिहून वजा दाखवावी.

यंदा तेच मंडळ पुन्हा आले. "दोन पाने वाढव," म्हणताच मी दर सांगितला. कार्यकर्ते जरा विचारात पडले आणि त्यांनी एक लेख गाळला. स्मरणिका ३२ पानांतच बसली.