कापलेले पिटॉन कशासाठी?

माझ्या चढाईच्या सामानातले आखूड पिटॉन (कातळाच्या भेगेत ठोकायच्या पोलादी मेखा) पाहून परवा एका मैत्रिणीने विचारलं, "हे तुटलेत का?" नाही, मुद्दाम कापलेत!

योसेमिटीच्या एल कॅपिटन या कातळकड्यावर (उंची सुमारे 900 मीटर) अनेक वर्षं पिटॉन ठोकले आणि काढले गेले. त्यामुळे ग्रॅनाइटच्या भेगांत उथळ, तोंडाशी रुंद खड्डे पडले. पूर्ण लांबीचा अँगल (कोनात दुमडलेल्या पत्र्याचा) पिटॉन तिथे पुरता आत जाण्याआधीच तळाला टेकतो. कापलेला मात्र कातळापर्यंत बसतो. कधी कधी तर हातोडीशिवाय, नुसत्या हाताने.

कापताना घाई नको. पोलाद फार तापलं तर त्याचं पाणी उतरतं, म्हणून सतत गार करत कापायचं. मग कडा कानशीने घासायच्या.

कोणत्या प्रकारचा पिटॉन घ्यायचा, हे भेगेवर ठरतं. अगदी बारीक भेगेला नाइफब्लेड, थोड्या जाड भेगेला लॉस्ट ॲरो, त्याहून रुंद असेल तर अँगल.

ठोकताना कान द्या. आवाजाची पट्टी चढत गेली तर पकड चांगली. पिटॉन अर्धवट बाहेर राहिला तर स्लिंग (पट्टीचा फास) त्याला कातळालगत बांधा, म्हणजे तरफेचा जोर कमी होतो.

पिटॉनमधला जुगाड तसा जुनाच आहे. एल कॅपिटनवरच्याच 'द नोज' मार्गाच्या पहिल्या चढाईत (1957-58) रुंद भेगांसाठी चक्क स्टोव्हचे पाय पिटॉन म्हणून ठोकले होते. तिथल्या भेगांना आजही 'स्टोव्हलेग क्रॅक्स' म्हणतात.

एक कळकळीची विनंती: नट किंवा कॅम (भेगेत न ठोकता अडकवायची साधनं) बसत असेल तिथे हातोडी काढूच नका. प्रत्येक घावाने कातळ कायमचा झिजतो.

काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.