सायकलवर वाट कोण दाखवणार : मोबाईल की जीपीएस यंत्र?

पन्नाशीच्या आसपास सायकलकडे परत वळणाऱ्यांची संख्या हल्ली बरीच वाढली आहे. मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन यांवर सायकल चालवा, असे आम्ही डॉक्टरच सांगतो. त्यामुळे पुढचे प्रश्नही आमच्याकडेच येतात. पूर्वी विचारीत, सीट कोणती घेऊ? आता विचारतात, "डॉक्टरसाहेब, रस्ता बघायला हँडलला मोबाईल लावू की ते वेगळे जीपीएस यंत्र घेऊ?"

हा प्रश्न दुकानदाराचा आहे, असे वरवर वाटेल. पण वाट चुकलेल्या माणसाचे पाणी संपते, ऊन डोक्यावर येते, खाण्याची वेळ टळते. ज्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घड्याळावर चालतात, त्याला हे परवडत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. जीपीएसचे संकेत उपग्रहांकडून येतात. त्यांना रेंज लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. २ मे २००० पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांना मिळणारे संकेत मुद्दाम काहीसे अंधुक ठेवीत असे आणि शंभर मीटरपर्यंत चूक होई. आता उघड्या आकाशाखाली दोन्ही साधने काही मीटरच्या फरकाने आपली जागा सांगतात. फरक आहे तो नकाशात. मोबाईलचा नकाशा सहसा इंटरनेटवरून येतो. कासच्या पुढे बामणोलीकडे उतरताना रेंज गेली, की ठिपका दिसतो पण त्याच्याखालचा नकाशा कोरा! म्हणून निघण्यापूर्वी घरीच नकाशा उतरवून घ्यावा. तरीही लक्षात ठेवा, गूगलच्या अशा उतरवलेल्या नकाशात मार्ग मोटारीचाच मिळतो, सायकलचा नाही. तो तुम्हाला खुशाल ट्रकांच्या महामार्गावर नेऊन सोडील.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे डोळ्यांकडे. चाळिशीनंतर जवळचे दिसण्यासाठी आपण जो चष्मा लावतो, त्याला आपल्याकडे चाळिशीच म्हणतात. तिचा नंबर एक-सव्वा फुटावरच्या वर्तमानपत्रासाठी असतो. हँडल मात्र डोळ्यांपासून दोन-सव्वादोन फुटांवर. दोन भागांची काच असेल तर वरून रस्ता दिसतो, खालून पुस्तक दिसते आणि हँडलवरचा पडदा दोहोंच्या मध्ये सापडतो. मग माणूस मान वर-खाली करीत बसतो. ताशी २० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत सायकल ११ मीटर पुढे जाते. आपल्याकडच्या रस्त्यांवर तेवढ्यात दोन खड्डे आणि एक कुत्रे येऊन जाते. वय वाढले, की जवळून लांब नजर टाकल्यावर स्पष्ट दिसायलाही क्षणभर उशीर होतो. त्यात मोबाईलचा पडदा भर उन्हात फिका पडतो, तापला तर आपोआप मंद होतो आणि पावसात ओल्या बोटाला दाद देत नाही. सायकलसाठी केलेल्या बऱ्याच यंत्रांचा पडदा उन्हात उलट अधिक स्वच्छ दिसतो आणि बटणे ओल्या हातानेही दाबता येतात. या बाबतीत यंत्र सरस आहे, यात शंका नाही.

यापेक्षाही मला काळजी वाटते ती बॅटरीची. माझे एक रुग्ण, वय ६१, इन्सुलिन घेतात. सकाळपासून मोबाईलचा पडदा चालू ठेवून डोंगरात गेले, दुपारी फोन बंद पडला. वाट चुकल्यामुळे साखर उतरली, की साखर उतरल्यामुळे वाट चुकली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात आणि गोंधळ उडतो. ओळखीचा रस्ताही परका वाटतो. एका वस्तीवरच्या बाईंनी गुळाचे पाणी दिले म्हणून निभावले. त्या बाईंकडे फोन होता, पण या गृहस्थांना घरचा एकही नंबर पाठ नव्हता.

मग यंत्र घ्यावे म्हणजे झाले? तसेही नाही. यंत्राच्या जाहिरातीत, पडलात तर घरी निरोप जातो, असे लिहिलेले असते. तो निरोप बहुधा तुमच्या खिशातल्या मोबाईलमार्फतच जातो. मोबाईल बंद असेल, रेंज नसेल, तर यंत्र मुके. ११२ किंवा १०८ ला फोन लागतो तो मोबाईलवरूनच. म्हणून माझा कल स्पष्ट आहे. वाट कोणीही दाखवो, चांगला मोबाईल खिशात आणि चार्ज असलेलाच हवा.

गावाभोवती तासाभराची फेरी असेल तर यंत्रावर पैसे घालू नयेत. मोबाईल खिशात ठेवून बोलक्या सूचना ऐकाव्यात, पण दोन्ही कानांत बोंडे घालून नव्हे. मागच्या ट्रकचा आवाज ऐकू आला पाहिजे. अधूनमधून लांब जाणाऱ्यांनी घरात पडलेला जुना मोबाईल नकाशा उतरवून हँडलला लावावा. सिम नसले तरी चालते. मात्र २०० किलोमीटरच्या बीआरएमला, जिथे साडेतेरा तासांची मुदत असते, किंवा एकट्याने घाटात जाणाऱ्याने यंत्र जरूर घ्यावे.

यंत्राला छातीचा पट्टा जोडून नाडीचे ठोके पाहण्याची हौस अनेकांना असते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील, तर ठोके मुळातच दबलेले असतात. २२० मधून वय वजा करण्याचे गणित अशांनी वापरू नये. धाप आणि छातीतले जडपण यांकडे लक्ष द्यावे आणि ते जाणवले तर आकड्याची वाट न पाहता थांबावे.

मोबाईलच्या बंद पडद्यावरही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरण्याची सोय असते. तिथे आजार, औषधे व घरचा नंबर भरावा. तेच एका चिठ्ठीवर मराठीत लिहून पाकिटात ठेवावे, सोबत साखर किंवा गूळ. आणि यंत्र घेणारच असाल तर दुकानाच्या दिव्याखाली पसंत करू नका. दुपारी बाराला बाहेर उन्हात, सायकलवर बसून, आपलाच चष्मा लावून त्यावरचे गावाचे नाव वाचता येते का ते पाहा. नाही आले, तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या; यंत्राचे नंतर बघू.