फोन टॅपिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘फोनवर खरखर येतेय, कुणीतरी ऐकतंय,’ असं आपण सहज बोलून जातो. खरखरीवरून काहीच सिद्ध होत नाही. कायदेशीर पाळतीचा माग लागतो तो कागदावरच्या आदेशात, आणि तो कागद सामान्य माणसाला वाचता यायलाच हवा.

गैरसमज: सीडीआर काढला म्हणजे बोलणं ऐकलं.
वस्तुस्थिती: सीडीआर ही कॉलची नोंद असते: कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि टॉवर कुठला होता. त्यात संभाषण नसतं. पोलिसांना ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली मागवता येते. मात्र रात्री दोन वाजता कोणाला फोन गेला, एवढ्यावरूनही माणसाचं बरंच काही उघडं पडतं.

गैरसमज: टॅपिंगला न्यायाधीशाचं वॉरंट लागतं.
वस्तुस्थिती: भारतात लागत नाही. एरवी आदेश केंद्राचे किंवा राज्याचे गृह सचिव देतात. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी 2023 चा दूरसंचार कायदा आला, तरी हे बदललं नाही. आदेशाची मुदत 60 दिवस. वाढवली तरी एकूण 180 दिवसांपर्यंतच. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती हे आदेश तपासते.

गैरसमज: गुन्ह्याचा संशय असला की पुरे.
वस्तुस्थिती: ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांपैकी एक कारण असलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पीयूसीएल खटल्यात बजावलं. त्याच कसोटीवर मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका लाच प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. संघटित गुन्हेगारीसाठी मकोकात वेगळी तरतूद आहे.

गैरसमज: चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात आपोआप बाद होतं.
वस्तुस्थिती: तसं नाही. मुंबईच्या कॉरोनरवरच्या लाचेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये टेप ग्राह्य धरली. फोनवरच्या दोघांपैकी एकाची तिला संमती होती. शिवाय पुरावा मिळवण्याची रीत सदोष असली तरी तेवढ्याने तो बाद होत नाही, असंही न्यायालय म्हणालं. म्हणूनच 2019 चा निकाल मोलाचा आहे.

ज्याचा फोन ऐकला जातो, त्याला नंतरही तसं कळवण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. अनेकांना ते आरोपपत्र हातात पडल्यावरच कळतं. त्या दिवशी वकिलाला आधी हेच विचारा: आदेशावर सही कोणाची, तारीख कोणती आणि कारण काय लिहिलंय?